दाखला नसताना, वर्षाच्या मधेच: भाचीच्या शाळाप्रवेशाची हकिकत

माझी भाची डिसेंबर 2024 पासून रोज शाळेत जाते. त्याआधीचे दोन हंगाम ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला होती. तिचा प्रवेश झाल्यापासून गावाकडून मला फोन येतात, "आमच्या पोराचंही असंच आहे, तू कसं केलंस?" फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते आहे. दाखला नाही, जन्माचा कागद नाही आणि शाळा सुरू होऊन पाच महिने उलटलेत, अशा कुणासाठी हे आहे.

अक्का आणि दाजी बीड जिल्ह्यातले. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात, ते फेडायला दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचं. एखाद्या वर्षी सांगली-कोल्हापूरकडे, एखाद्या वर्षी कर्नाटकात. परत येईतो उन्हाळा लागलेला असतो. भाचीने पहिली गावच्या जिल्हा परिषद शाळेत पूर्ण केली. मग पाठचा भाऊ चालायला लागला आणि त्याला सांभाळायला हिला कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीवर, न्यावं लागलं. दुसरी अर्धी झाली, तिसरीही अर्धीच. 2024 च्या दिवाळीत मी अक्काला म्हटलं, हिला माझ्याकडे ठेव. मी शहरात एका दवाखान्यात रिसेप्शनला असते. घर लहान आहे, पण एका मुलीपुरती जागा होते. अक्काने दुसऱ्या दिवशी होकार दिला.

ते दोघं निघण्याआधी मी त्यांच्याकडून साध्या कागदावर एक संमतिपत्र लिहून घेतलं. मुलगी शिक्षणासाठी मावशीकडे राहील, शाळेच्या सगळ्या कामांसाठी मावशी पालक म्हणून सही करेल, एवढंच. दाजींची सही, अक्काचा अंगठा, दोन साक्षीदार, तारीख 9 नोव्हेंबर 2024. मूल नातेवाइकाकडे ठेवून जाणाऱ्यांनी हा कागद आधी करून घ्यावा. टोळी एकदा फडात पोचली की सहीसाठी माणूस मिळत नाही, फोनलाही रेंज नसते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या आणि लगेच 20 नोव्हेंबरचं विधानसभेचं मतदान आलं. आमच्या जवळच्या महापालिकेच्या शाळेत गेले तेव्हा मुख्याध्यापिका निवडणुकीच्या कामावर होत्या. खिडकीतल्या बाबूंनी यादी सांगितली: शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, आधार, आईवडील स्वतः हजर. मी म्हटलं, यातलं आधार तेवढं आहे, पण त्यावर नाव वेगळं लागलंय. ते म्हणाले, "ताई, प्रवेश जूनमध्ये असतात. आता जूनमध्येच या, तोवर कागद जमवा." उद्धटपणे नाही बोलले. रोज हेच सांगायची सवय असावी. भाची माझ्या शेजारी नव्या रिबिनी बांधून उभी होती. रस्त्यावर आल्यावर तिने विचारलं, "मावशी, माझं वय निघून गेलं का?"

नऊ वर्षांच्या मुलीला हा प्रश्न पडावा याचा मला फार त्रास झाला. त्या रात्री मी बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा कायदा मोबाइलवर उघडून वाचायला घेतला. आपण ज्याला आरटीई म्हणतो तोच. आरटीई म्हटलं की बहुतेकांना खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा आणि त्यांची ऑनलाइन सोडत आठवते. ते त्यातलं एक कलम, 12 वं. बाकीचा कायदा माझ्या भाचीसारख्या मुलांसाठीच लिहिल्यासारखा आहे. जेमतेम चाळीसेक कलमं आहेत, दोन रात्रींत वाचून होतो. शब्द जड वाटले तरी वाचाच, कारण खिडकीपाशी जे जे कारण सांगितलं जातं त्याचं उत्तर त्यात आधीच देऊन ठेवलेलं आहे.

दाखला नाही? कलम 5 म्हणतं, मूल एका शाळेतून दुसरीकडे जात असेल तर आधीच्या शाळेने दाखला ताबडतोब द्यावा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता किंवा लांबवता येणार नाही. जन्माचा कागद नाही? कलम 14: वयाचा पुरावा नाही एवढ्या कारणावरून कुठल्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही. जून उलटून गेला? कलम 15: मुदतीनंतर मागितला तरी प्रवेश द्यायचा. मधली वर्षं बुडालीत? कलम 4: मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, आणि अशा मुलाचं चौदा वर्षं वय उलटलं तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफतच राहील. कलम 9 मध्ये तर स्थानिक प्राधिकरणाच्या, म्हणजे आपल्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कर्तव्यांत स्पष्ट लिहिलंय की स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश होईल याची खात्री त्यांनी करायची. हे वाचून मी भाचीला झोपेतून उठवून सांगणार होते.

हा कायदा कुठून आला तेही मग वाचत गेले, आणि त्यात आपल्याच भागातली माणसं भेटत गेली. 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली होती. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इंग्रजांच्या कायदेमंडळात त्यासाठी विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. स्वतंत्र भारताच्या घटनेत कलम 45 आलं: दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. पण ते मार्गदर्शक तत्त्व होतं, त्यासाठी कोर्टात जाता येत नव्हतं. दहा वर्षं 1960 मध्ये संपली. 1993 मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा जगण्याच्या हक्कातूनच येणारा मूलभूत हक्क आहे. मग 2002 मध्ये 86 वी घटनादुरुस्ती झाली, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारं 21-अ हे कलम आलं, आणि 1 एप्रिल 2010 पासून 21-अ आणि आरटीई कायदा दोन्ही एकाच दिवशी लागू झाले. तिकडे जगाच्या पातळीवर 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम 26 आहे: शिक्षणाचा हक्क प्रत्येकाला आहे, निदान प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं असावं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातही, कलम 28 मध्ये, तेच आहे, आणि भारताने तो करार 1992 मध्ये स्वीकारला.

"सक्ती" या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले, कारण अक्काला कायम भीती असते की पोरगी शाळेत नाही म्हणून आपल्यालाच कुणी धरून नेईल. शाहू महाराजांच्या कायद्यात मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. आजच्या कायद्यात सक्ती सरकारवर आहे. कलम 8 मध्ये तसं खुलासा करूनच लिहिलंय: प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं, या तिन्हींची जबाबदारी शासनाची. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचंही कर्तव्य आहेच, कलम 10 प्रमाणे, पण त्यासाठी शिक्षा ठेवलेली नाही. अक्काला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आता कागदांकडे वळले. कायदा कागदांशिवाय प्रवेश देतो, तरी मिळतील तेवढे जमवावेत. अडवणूक कमी होते. वयासाठी केंद्राच्या नमुना नियमांत दवाखान्यातली किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरमधली नोंद, अंगणवाडीची नोंद, नाहीतर पालकाचं घोषणापत्र चालतं असं म्हटलंय. भाचीचा जन्म कर्नाटकात, फडाजवळच्या कोपीत झालेला, त्यामुळे दवाखान्याचा प्रश्नच नव्हता. गावच्या अंगणवाडीताईंना फोन केला. त्यांनी जुनं रजिस्टर शोधून भाचीच्या नावाचं पान काढलं, आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला आणि मग सही-शिक्क्याची प्रत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

गावच्या शाळेतल्या सरांशीही बोलले. त्यांनी दोन मार्ग सांगितले. मूल हंगामापुरतंच बाहेर जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड घ्यायचं, म्हणजे नाव गावच्याच पटावर राहतं आणि मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसतं. कायमचं जाणार असेल तर दाखला. हा फरक नीट समजून घ्या. ज्यांची मुलं उन्हाळ्यात परत गावी येणार आहेत त्यांना हमी कार्डच सोयीचं. आमची आठवीपर्यंत माझ्याकडे राहणार, म्हणून आम्ही दाखला मागितला. सर म्हणाले, "ताई, खरं सांगतो, पट आधीच वीसच्या खाली आहे, त्यात अजून एक नाव जाणार. पण पोरगी शिकतेय, मी देतो." लहान शाळांना पट कमी होण्याचं केवढं भय असतं हे माहीत असल्यामुळे त्यांचा हा शब्द मला मोठा वाटला.

घोषणापत्र करायला गेले तिथे टायपिंगवाल्याने सांगितलं की पाचशेचा स्टॅम्प लागेल. त्याच्या थोडंच आधी, ऑक्टोबर 2024 मध्ये, शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प आला होता, त्यामुळे तो सगळ्यांना तेच सांगत होता. शासकीय कामासाठीच्या प्रतिज्ञापत्रांना आपल्या राज्यात 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. मी साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं. पाचशे रुपये वाचले, आणि ज्यांची मजुरीच तेवढी असते त्यांच्यासाठी ती लहान रक्कम नाही.

27 नोव्हेंबरला अर्ज घेऊन गेले. अर्ज घेतला, पण पोच देईनात. "मॅडम आल्या की बघतील," म्हणाले. अर्ज द्यायचा तर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय देऊ नये. पुढे काही तक्रार करायची वेळ आली तर तारीख मोजायची कुठून? मी तोच अर्ज त्याच दुपारी रजिस्टर पोस्टाने मुख्याध्यापकांच्या नावे पाठवला आणि एक प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागाला. पोस्टाच्या पावतीला तारीख असते, ती पुरते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका बाईंनी अर्ज वाचला होता, खाली पेन्सिलीने खुणाही केल्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही मावशी, पालक कशा?" मी संमतिपत्र पुढे केलं आणि कायद्यातली व्याख्या दाखवली: ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे तोही पालकच. आधारवरच्या नावाचं निघालं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा 26 सप्टेंबर 2018 चा आधारचा निकाल सांगितला. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असं त्यात म्हटलंय. बाई म्हणाल्या, "मला मान्य आहे हो, पण ऑनलाइन माहिती भरताना आम्हालाच अडतं." त्यांचंही खोटं नव्हतं. युडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, मुलाची नोंद जुन्या शाळेतून सुटल्याशिवाय नव्या शाळेत दिसत नाही, आणि त्याची विचारणा मुख्याध्यापकांनाच होते.

खरी चर्चा वर्गावरून झाली. बाईंनी भाचीला एक उतारा वाचायला दिला. साधे शब्द तिने वाचले, जोडाक्षरापाशी थांबली आणि मान खाली घातली. बाई हळू आवाजात मला म्हणाल्या, "चौथीत बसवलं तर तिलाच जड जाईल. दुसरीत घेऊया." हे त्यांनी मायेने म्हटलं होतं, तरी मी नाही म्हटलं. नऊ वर्षांची मुलगी सातच्या मुलांत बसली की ती स्वतःलाच मठ्ठ समजायला लागते, आणि दोन वर्षांनी अंगापिंडाने मोठी दिसते म्हणून शाळाच सोडते. आमच्या गावात मी हे होताना पाहिलंय, माझ्या बरोबरीच्या मुलींचंच. कलम 4 मध्ये वयाचा वर्ग आणि विशेष प्रशिक्षण या दोन गोष्टी एकत्र लिहिल्यात, त्या यासाठीच. नियमांप्रमाणे हे प्रशिक्षण किमान तीन महिने आणि गरज पडली तर दोन वर्षांपर्यंत देता येतं.

बाई म्हणाल्या, वरून सांगून येऊ दे. मग शिक्षण विभागात गेले. तिथले अधिकारी "मी फोनवर सांगतो" म्हणाले. मी विनंती केली की अर्जाच्या प्रतीवर दोन ओळी लिहून द्या. बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं, पण शेवटी त्यांनी "नियमानुसार प्रवेश देऊन अनुपालन कळवावे" असा शेरा मारून सही केली. तसं झालं नसतं तर पुढची पायरी मी लिहूनच ठेवली होती: कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार, तिचा निकाल त्यांनी तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

11 डिसेंबर 2024, बुधवार. भाचीचं नाव चौथीच्या हजेरीपटावर चढलं. गावचा दाखला त्यानंतरच्या आठवड्यात टपालाने आला, आणि ऑनलाइन बदली व्हायला तर जानेवारी उजाडला. म्हणजे कायदा म्हणतो तोच क्रम प्रत्यक्षात झाला, मूल आधी आत आलं आणि कागद मागून आले. या मधल्या काळात ती नुसती येऊन बसते आहे असं होऊ देऊ नका. नाव हजेरीपटावर आणि जनरल रजिस्टरला चढलंय का ते डोळ्यांनी बघा.

शाळेने एक रुपयाही मागितला नाही. पुस्तकं मिळाली, दुपारचं जेवण मिळतं. झेरॉक्स, फोटो, पोस्ट धरून माझा खर्च पाचशेच्या आत झाला. माझे अर्ध्या दिवसांचे पगार कापले गेले तोच मोठा खर्च. ज्यांचं पोट रोजच्या हजेरीवर आहे त्यांनी हे कसं करावं, याचं उत्तर कायद्यात नाही. म्हणूनच शाळा, बालरक्षक (शाळाबाह्य मुलं शोधून शाळेत आणणारे) शिक्षक आणि महापालिका यांनी मुलापर्यंत जायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

विशेष प्रशिक्षण म्हणजे वेगळा वर्ग वगैरे काही नाही. एक बाई शाळा भरण्याआधी तासभर तिला आणि बांधकामावरच्या दोन मुलांना घेऊन बसतात. रात्री मी बसते. पहिले काही दिवस तिचं पोट दुखायचं, शाळेच्या वेळेलाच. मग एका मैत्रिणीने तिला स्वतःच्या बाकावर बसवून घेतलं आणि पोटदुखी थांबली. मार्चपर्यंत जोडाक्षरं येऊ लागली. गणितात ती पहिल्यापासून चांगली होती, टनावर आणि कोयत्याच्या हिशेबावर वाढलेली मुलगी आहे.

एक सल राहिला आहे. तिला शाळा मिळाली आणि तिचा भाऊ पाचटावर एकटा खेळत राहिला. तो सहा वर्षांचा नाही, म्हणून 21-अ त्याला लागू नाही. 86 व्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांखालच्या मुलांची काळजी आणि शिक्षण पुन्हा मार्गदर्शक तत्त्वांतच ठेवलंय. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वयाची भाषा आहे, पण धोरण दाखवून खिडकीपाशी हक्क सांगता येत नाही. लहान भावंडाची सोय होत नाही तोवर मोठ्या बहिणीची शाळा सुटत राहणार, हे आमच्या भागात कुणालाही विचारा.

दोन कामं बाकी आहेत. जन्माची नोंद जन्माच्या ठिकाणीच होते, त्यासाठी कर्नाटकात जावं लागेल, आणि वर्ष उलटून गेलेलं असल्यामुळे दंडाधिकाऱ्यांचा आदेशही लागेल. ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांनी 21 दिवसांच्या आत नोंद करा, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखल्याचं महत्त्व फार वाढलं आहे. दुसरं पाचवीचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झाल्यास पुन्हा परीक्षेची संधी असते, तरीही त्याच वर्गात ठेवता येतं, पण आठवी होईतो शाळेतून काढता मात्र येत नाही. आम्ही तयारी सुरू केली आहे.

मी दिलेला अर्ज खाली जसाच्या तसा देते. आपापली माहिती भरून वापरा.

प्रति, मा. मुख्याध्यापक, ............

विषय: बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 अन्वये वयानुरूप वर्गात प्रवेश मिळणेबाबत.

महोदय/महोदया,
कु. ............, वय ...... वर्षे, ही माझी भाची असून तिचे आईवडील ऊसतोडणीसाठी स्थलांतरित झाले आहेत. ती सध्या माझ्या सांभाळात आहे. आईवडिलांचे संमतिपत्र, अंगणवाडीतील नोंदीची प्रत व वयाचे घोषणापत्र सोबत जोडले आहे. पूर्वीच्या शाळेकडे दाखल्याची मागणी केली असून तो प्राप्त होताच सादर करीन. अधिनियमाच्या कलम 4, 5, 14 व 15 नुसार तिला इयत्ता ......मध्ये तात्काळ प्रवेश द्यावा व विशेष प्रशिक्षणाची व्यवस्था करावी, ही विनंती. प्रवेश देणे शक्य नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे. अर्जाची पोच आवक क्रमांकासह मिळावी.

आपली विश्वासू,
(पालकाची सही, दिनांक, मोबाइल क्रमांक)